गोसेखुर्दच्या काठावरची वॉटर स्कूटर: इंजिन देखभालीच्या नोंदी

गाडी: यामाहा व्हीएक्स ११०. चार-स्ट्रोक, चार सिलिंडर, १०५२ सीसी, सुपरचार्जर नाही.
ठिकाण: भंडारा जिल्हा, पवनी तालुका, गोसेखुर्द जलाशयाचा काठ. टिनाचं शेड, बोरचं पाणी, लाइटचा भरवसा नाही.

१२ फेब्रुवारी (मीटर ३१२ तास)

तक्रारी दोन. थ्रॉटल दाबला की आवाज आणि आरपीएम झपाट्याने चढतात, पण गाडी त्या मानाने पळत नाही. शिवाय गेल्या पंधरवड्यात दोनदा गरम झाल्याचा बझर वाजला आणि इंजिनाने आपोआप आरपीएम कमी केले.

अशा वेळी सगळे आधी प्लग काढतात, मग इंजेक्टरला हात घालतात. इथे तसं केलेलं नाही. या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. जलाशयाचं पाणी हेच त्याचं कूलंट, आणि ते ढकलायला वेगळा पंपही नाही. मागचा जेट पंप गाडीला रेटतो आणि त्याच्याच दाबाचं थोडं पाणी होसमधून इंजिन आणि एक्झॉस्टभोवती फिरून बाहेर पडतं. म्हणजे पंप अशक्त झाला की ओढही जाते आणि थंडावाही जातो. दोन्ही तक्रारी एकदम आल्या असतील तर आधी गाडीच्या खाली वाकून बघायचं.

ट्रेलर ठोकळ्यांवर चढवला. पुढचं टोक मागच्यापेक्षा उंच ठेवलं. उलट केलं तर एक्झॉस्टच्या डब्यात साचलेलं पाणी इंजिनाकडे उतरतं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, लॅनयार्डची (चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली, सुटली की इंजिन बंद करणारी दोरी) क्लिप काढून ठेवली. या गाडीत क्लच नाही, इंजिन फिरलं की इम्पेलर, म्हणजे जेट पंपातला पात्यांचा पंखा, फिरतोच. त्यामुळे तळाशी पंपात पाणी शिरतं त्या तोंडावरच्या जाळीत हात घालण्याआधी या दोन गोष्टी केल्याच पाहिजेत.

खालची जाळी उतरवली. आत जलपर्णीची काळी, केसांसारखी मुळं, दीड मूठभर. त्यांच्याखाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा. आणि सगळ्यात आत ड्राइव्ह शाफ्टवर मासेमारीच्या जाळ्याचा हिरवा नायलॉन धागा, इतका घट्ट की उष्णतेने वितळून त्याची नळीच झाली होती. तो ओढून काढायचा नाही, कारण ओढला की सीलच्या ओठात रुततो. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा शाफ्टला समांतर धरून धाग्याला चिरा दिल्या आणि पक्कडीने तुकडे उचलले. चाळीस मिनिटं गेली.

जलपर्णी इथे येणारच. नाग नदी नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा या जलाशयात. त्या खतावर जलपर्णी माजते. वारा फिरला की तिचे तरंगते तुकडे उतरणीच्या जागेवर येऊन साचतात.

१४ फेब्रुवारी

पंप बाहेर काढला. नोझलच्या बाजूने फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पात्याचं टोक आणि हाउसिंग यांमधलं अंतर प्रत्येक पात्यापाशी मोजलं. सर्वात कमी ०.५५ मिमी, सर्वात जास्त ०.८० मिमी. मर्यादा ०.६ मिमी. त्यापुढे पाणी पात्याच्या कडेवरून मागे निसटतं, दाब पडतो, पात्यांपाशी वाफेचे बुडबुडे होतात आणि इंजिन रिकामंच घुरघुरतं.

पात्यांच्या पुढच्या कडा खडबडीत, एका पात्याला मुरमाच्या खड्याने तांदळाच्या दाण्याएवढी कपची उडवलेली. हाउसिंगच्या भिंतीला ओरखडे आहेत, पण नख अडकत नाही. म्हणून हाउसिंग तेच, इम्पेलर नवा. घासून कडा नीट करता येतात, पण अंतर घासून कमी होत नाही, ०.८०वर पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

सोडवताना लक्षात ठेवायचं: या इम्पेलरचे आटे उलटे आहेत. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर तो आणखी आवळतो. शाफ्टचे दाते व्हाइसच्या जबड्यात धरू नयेत, त्याचं खास टूल मिळतं तेच वापरावं.

१६ फेब्रुवारी

पंपातली पाण्याची गाळणी काढली. इंजिनाला जाणारं पाणी हिच्यातून जातं आणि हिची आठवण कोणालाच राहत नाही. निम्मी भोकं गाळाने लिंपलेली. जुन्या टूथब्रशने धुऊन उजेडात धरली, प्रत्येक भोकातून उजेड दिसेपर्यंत.

पंप बसवताना सांध्याचं जुनं सीलंट पूर्ण खरवडून नवं लावलं. केसाएवढी फट राहिली तरी पंप तिथून हवा ओढतो, आणि मग इम्पेलर नवा असूनही तक्रार जुनीच राहते. सीलंटला २४ तास दिले.

मधल्या बेअरिंगच्या निपलला ग्रीस द्यायचं होतं. कमी पडलं तर पाणी शिरतं, जास्त झालं तर सील बाहेर ढकललं जातं. म्हणून गनचे दहा झटके कागदावर काढून ते किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलले: ८ ग्रॅम. म्हणजे एका झटक्याला ०.८ ग्रॅम. सर्व्हिस मॅन्युअल ग्रॅममध्ये बोलतं आणि मिस्त्री झटक्यांमध्ये. ही सांगड एकदा घालून गनवर मार्करने लिहून ठेवली.

१८ फेब्रुवारी (३१३ तास)

पाण्यात चाचणी. ओढ परत आली. डाव्या बाजूच्या छोट्या छिद्रातून पाण्याची धार सलग. ही धार चालवणाऱ्याने सुरू केल्याबरोबर बघावी. तुटक झाली किंवा थांबली की बझरची वाट न बघता इंजिन बंद करावं.

१ मार्च

फ्लशिंगची, म्हणजे इंजिनातली पाण्याची वाट होसने धुण्याची, कायमची सोय केली. गोड्या पाण्यात चालवतो मग फ्लश कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. मीठ नसलं तरी गाळ, शेवाळ आणि रेती असतेच. इंजिन तापलेलं असताना पाण्याच्या वाटेत राहिलेला गाळ वाळून कडक पापुद्रा होतो. पुढच्या वेळी तो सुटतो आणि पुढच्या अरुंद वळणावर अडकतो.

क्रम असा, आणि यात फेरफार चालत नाही:

होस जोडायचा, नळ बंद. आधी इंजिन सुरू. लगेच नळ सुरू. ३ मिनिटं आयडलवर. मग आधी नळ बंद. इंजिन चालू ठेवून १० ते १५ सेकंद थ्रॉटलला छोटे छोटे झटके, म्हणजे एक्झॉस्टमधलं पाणी बाहेर फेकलं जातं. मग इंजिन बंद.

इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाण्याला बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा वायू नसतो. एक्झॉस्टचा डबा भरतो, पाणी मागे चढतं आणि झडपेतून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या इंजिनाला कधी धक्का लागला नाही, ते असं अंगणात उभ्या-उभ्या जातं.

उलट बाजूही तितकीच जपायची: पाण्याविना इंजिन १५ सेकंदांपेक्षा जास्त चालवायचं नाही. एक्झॉस्टचे रबरी सांधे आधी जळतात.

आता इथली अडचण. बोरची मोटार थेट होसला जोडली होती. फ्लश चालू असताना लाइट गेली की पाणी थांबतं आणि इंजिन कोरडं चालत राहतं. त्यामुळे थेट जोडणी काढून टाकली. पाणी ५०० लिटरच्या टाकीतून घेतो. पण टाकी फक्त ३ मीटर उंच, आणि १० मीटर उंचीला साधारण एक बार दाब धरला तर हा होतो ०.३ बार. अर्ध्या इंची होसला तो अपुरा पडला: १० लिटरची बादली भरायला ९५ सेकंद. पाऊण इंची होस घातला, लांबी निम्मी केली, मधले दोन एल्बो काढले. आता ४२ सेकंद. बादली एका मिनिटाच्या आत भरली नाही तर इंजिन सुरू करायचं नाही, हा शेडचा नियम.

बोरचं पाणी जड आहे, चहाच्या भांड्यात पांढरा थर दिसतो तसंच. शक्य होईल तेव्हा टिनावरचं साठवलेलं पावसाचं पाणी फ्लशला वापरायचं.

२३ मार्च (३३१ तास)

ऑइल आणि फिल्टर. खाली ड्रेनचा बोल्ट नाही. डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढून काढावं लागतं. इंजिन आधी पाण्यात चालवून कोमट केलं, थंड ऑइल नीट वर येत नाही. मोजून २.१ लिटर निघालं. इंजिनात चार लिटरांच्या वर ऑइल असतं, निम्मंच बाहेर येतं. म्हणून ऑइल फार काळं असेल तर एकदा बदलून भागत नाही. दहा तासांनी पुन्हा बदलायचं.

किती भरायचं ते अंदाजाने नाही: निघालं तेवढंच भरायचं, मग गाडी सपाट ठेवून डिपस्टिक. जास्त झालं तर ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर बॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या डब्यात, जातं, धूर येतो आणि प्लग ओले होतात. १०डब्ल्यू-४० वापरलं. फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून रबर टेकल्यानंतर पाऊण फेरा.

जुन्या ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर आणि थोडं काचेच्या बाटलीत ठेवलं. काळं आहे, पण दुधाळ नाही. दुधाळ किंवा कॉफीसारखं निघालं तर त्यात पाणी आहे. त्या दिवशीच बदलायचं, थोडं चालवून पुन्हा, आणि पुन्हा, रंग स्वच्छ होईपर्यंत. बेअरिंगला एका रात्रीत गंज धरतो. आणि पाणी कुठून आलं ते शोधल्याशिवाय गाडी परत पाण्यात नाही.

प्लग चारही सीआर९ईबी मॉडेलचे, गॅप ०.७ ते ०.८ मिमी. रंग विटकरी-करडा. नवे बसवताना बोटांनी टेकेपर्यंत, मग पान्याने अर्धा फेरा. कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबात, चार सिलिंडरांत सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांत ६ टक्के फरक; १० टक्क्यांपर्यंत चालतो.

१७ एप्रिल

पेट्रोल. या इंजिनाच्या हँडबुकात इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे. देशभर पंपांवर मिळतं ते २० टक्क्यांचं. ऑक्टेनची अडचण नाही, उलट वाढलेलाच आहे. अडचण दोन ठिकाणी: जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग फुगतात, आणि इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. इंधनपंपाचं तोंडही तळाशीच. मग इंजिन ते खेचतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरलेला असतो.

पेट्रोल तपासायची साधी रीत: १०० मिलिलिटरचं मोजपात्र. आधी १० मिलि पाणी, त्यात निळ्या शाईचा एक थेंब. वरून १००च्या खुणेपर्यंत पेट्रोल, म्हणजे ९० मिलि. बूच लावून मिनिटभर हलवायचं, मधून मधून बूच ढिलं करून वाफ सोडायची. सावलीत दहा मिनिटं ठेवलं की निळा थर खाली बसतो. इथेनॉल पाण्यात उतरल्यामुळे तो थर वाढलेला असतो. आज २७.५वर होता. वाढ १७.५, भागिले ९०, म्हणजे साधारण १९ टक्के. चुलीपासून, बिडीपासून लांब, आणि वापरलेलं पेट्रोल परत टाकीत नाही.

यावरून ठरलं: कॅनमध्ये पेट्रोल पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. दर ५० तासांनी इंधनाचे पाइप वाकवून बघायचे. मऊ, चिकट किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसणारा पाइप लगेच बदलायचा. परतीच्या एका पाइपाला अशा भेगा होत्या. दीड फूट तुकडा बदलला. इंजेक्शनच्या दाबाचा पाइप घ्यायचा, मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचा पारदर्शक पाइप इथे चालत नाही.

२६ मे (३५८ तास)

नवतपा लागला. शेडच्या टिनाखाली दुपारी हात ठेववत नाही.

बॅटरी १२ व्होल्ट, १९ अँपियर-अवर. रात्रभर विसावल्यानंतर १२.३१ व्होल्ट. तीन खान्यांत पाणी खालच्या खुणेच्याही खाली. उन्हाळ्यात महिन्याला नाही, दर पंधरा दिवसांनी बघायचं. डिस्टिल्ड पाणीच, बोरच्या पाण्यातले क्षार प्लेटवर बसून बॅटरी एका हंगामात मारतात. गाडीतून काढून, मोकळ्या हवेत १.९ अँपियरवर चार्ज. नंतर १२.७०. स्टार्टर मारताना १०.४ पर्यंत उतरते, ९.६च्या खाली गेली असती तर बदलली असती. पाण्यात इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे चार्जिंग ठीक. स्टार्टर नुसता 'टक' करतो तेव्हा दहातल्या आठ वेळा बॅटरीच्या टोकांचा सैल किंवा हिरवा झालेला सांधा असतो. सँडपेपर, मग आवळणं, मग वरून ग्रीस.

सीट उघडून पाच मिनिटं हवा खेळू द्यायची आणि मगच स्टार्टर. इंजिनाची खोली बंद डब्यासारखी आहे, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसते. या उन्हात हे एकदाही चुकवायचं नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही: ५० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं की सुमारे ०.७ लिटरने फुगतं.

जलाशय उतरलाय. काठाला गाळ, मुरूम, आणि बुडिताच्या जुन्या झाडांची खुंटं वर आलीत. हँडबुक गाडीच्या तळाखाली ६० सेंमी पाणी सांगतं. इथे ९० सेंमी धरलंय. बांबूवर लाल पट्टी मारून उतरणीपाशी रोवला. त्याच्या आत इंजिन सुरू करायचं नाही, गाडी ढकलत खोल पाण्यात न्यायची. उन्हाळी धानाची कापणी झाल्याने तणस पुन्हा तरंगतंय. दर फेरीनंतर जाळीत हात, इंजिन बंद आणि लॅनयार्ड काढून.

४ जून

गाडी उलटली तर कोणत्या दिशेने सरळ करायची, ते मागच्या स्टिकरवर आहे, त्याच दिशेने. चुकीच्या दिशेने फिरवली की एक्झॉस्टच्या डब्यातलं पाणी इंजिनात. स्टिकर पुसट झाला होता, नवा बाण रंगवला.

बंद पडलेली गाडी डोंग्याने किंवा दुसऱ्या बोटीने ओढताना पाणी पंपातून आत रेटलं जातं आणि इंजिन बंद असल्यामुळे एक्झॉस्टमध्ये भरतं. इंजिनाला थंडाव्याचं पाणी नेणाऱ्या होसला क्लॅम्प लावायचा आणि चालण्याच्या वेगाने ओढायचं. क्लॅम्पला लाल कापड बांधून सीटखाली ठेवलाय. कापड यासाठी, की सुरू करण्याआधी काढायचा विसर पडू नये.

८ जुलै (३६६ तास)

पावसाळ्यासाठी बंद.

फ्लश, वर लिहिलेल्या क्रमाने. तळाचे दोन्ही ड्रेन प्लग उघडून पुढचं टोक उचललं. पेलाभर गढूळ पाणी आलं. त्याआधी टाकी थोडी जागा सोडून भरली, स्टॅबिलायझर (साठवलेलं पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) बाटलीवरच्या प्रमाणात टाकलं, आणि १० मिनिटं पाण्यात चालवली, म्हणजे मिसळलेलं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतं. टाकी रिकामी ठेवायची की भरलेली, यावर दोन मतं आहेत. झडीच्या हवेत रिकामी टाकी म्हणजे दमट हवेचा डबा, म्हणून इथे भरलेली.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाच्या चमचाभर, म्हणजे ५ मिलि, इंजिन ऑइल. इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर काढून दोन-दोन सेकंद स्टार्टर, दोनदा. मग प्लग परत. ऑइल बदललं, जुन्या ऑइलमधलं आम्ल तीन महिने बेअरिंगवर ठेवायचं नाही. बॅटरी घरात, लाकडी फळीवर.

सीट पूर्ण बंद केली नाही, दोन इंचाचा ठोकळा ठेवला. बंद ठेवली की आत बुरशी आणि गंज. पण उघडी फट म्हणजे उंदरांना आवतण, म्हणून फटीला बारीक तारेची जाळी.

१९ ऑगस्ट

तपासणी. तारा शाबूत. पण कुंभारमाशीने पाण्याच्या धारेच्या छिद्रात मातीचं घर केलंय, फ्लशच्या तोंडातही सुरुवात. असंच ऑक्टोबरमध्ये सुरू केलं असतं तर धार दिसली नसती आणि खोटा गोंधळ झाला असता. टाकीच्या हवेच्या नळीत घर झालं तर गोंधळ खरा: टाकीत हवा शिरत नाही, इंधन ओढताना पोकळी होते आणि इंजिन भर पाण्यात गुदमरतं. बारीक तार फिरवून साफ केलं. तिन्ही तोंडांवर नायलॉनचं कापड रबर बँडने. फ्लशच्या तोंडाला शिवाय त्याचं टोपण. बॅटरी १२.५२, चार्जला लावली.

११ ऑक्टोबर

तिन्ही कापडं काढली, मोजून. टाकीच्या तळातून २०० मिलि पेट्रोल काचेच्या बरणीत ओढलं आणि तासभर उजेडात ठेवलं. एकच रंग, खाली थर नाही. वेगळा थर दिसला असता तर सगळी टाकी उपसावी लागली असती, नवं पेट्रोल वरून ओतून तो थर जात नाही.

ड्रेन प्लग बंद, आवळून हाताने तपासले. ऑइल पातळी बरोबर, रंग स्वच्छ. इम्पेलर हाताने फिरवला, मोकळा फिरतो. पुन्हा मोजलेलं अंतर: ०.३८ ते ०.४२ मिमी. सीट उघडी ठेवून पाच मिनिटं. दुसऱ्या प्रयत्नात सुरू, पहिलं मिनिट निळसर धूर, सिलिंडरमध्ये टाकलेल्या ऑइलचा.

धार सुरू, सलग. २० मिनिटं चालवून परत काठावर. मीटर ३६७. पुढचं ऑइल ३७७ला, अंतराची मोजणी ४१०ला. धानाची कापणी लागली की पुन्हा दर फेरीनंतर जाळी.